किस्त तोंडपाठ, पण कर्ज कितीला पडलं?

गटाचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलेल्या कुठल्याही बाईला विचारा, किस्त किती? झोपेतून उठवलं तरी ती सांगेल. कोणत्या वारी, किती वाजता, सेंटर म्हणजे किस्तीची बैठक कोणाच्या घरी, सगळं तोंडपाठ. हे कर्ज एकूण कितीला पडलं, असं विचारलं की मात्र ती थांबते. पारडी, वाठोडा, यशोधरानगर, हिंगण्याकडच्या वस्त्या, नागपुरात कुठेही हेच दिसेल. हिशोब येत नाही म्हणून असं होतं असं समजू नका. कॉटन मार्केटमध्ये पहाटे उभ्या उभ्या वांग्याच्या कॅरेटचा भाव पाडून घेणारी बाई हिशोबात कच्ची नसते. कर्जाचा हिशोब तिला तिच्या भाषेत कोणी मांडूनच दाखवलेला नसतो.

सुरुवात व्याजापासून करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

सावकार म्हणतो, 'तीन टक्क्यानं देतो.' फायनान्सवाला म्हणतो, 'चोवीस टक्के.' ऐकायला सावकार स्वस्त वाटतो. पण सावकाराचे तीन टक्के महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाचे छत्तीस. कंपनीचे चोवीस वर्षाचे असतात. तिसरा एक प्रकार डेलीवाल्यांचा. दहा हजार लिहायचे, हातात नऊ हजार ठेवायचे आणि रोज शंभर रुपये असे शंभर दिवस न्यायचे. तो टक्के सांगतच नाही, 'हजार रुपये कापले' एवढंच म्हणतो. वर्षाच्या दरात बसवलं तर हे कर्ज पंचाहत्तर टक्क्यांच्याही वर जातं, कारण घेतलेले पैसे पहिल्या दिवसापासूनच परत जायला लागतात आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर आधीच कापलेलं असतं. तिघांची तुलना करायची तर तिघांनाही एकच प्रश्न विचारायचा: सगळं धरून वर्षाला किती?

आता व्याज मोजायच्या दोन पद्धती, फ्लॅट आणि घटती बाकी. समजा ३०,००० रुपये एका वर्षासाठी घेतले, '१२ टक्के फ्लॅट'. व्याज ३,६०० झालं, एकूण ३३,६००, महिन्याची किस्त २,८००. सरळ दिसतं. पण सहा महिन्यांनी तुमच्याकडे तीस हजार उरलेले असतात का? जवळपास अर्धे परत गेलेले असतात, आणि व्याज तरीही शेवटपर्यंत पूर्ण तीस हजारांवरच लागतं. प्रत्येक महिन्याला जेवढी बाकी उरली तेवढ्यावरच व्याज मोजलं, तर याच २,८०० च्या किस्तीचा खरा दर साधारण साडेएकवीस टक्के येतो.

अजून संपलं नाही. कर्ज देताना प्रोसेसिंग फी कापली जाते. ती एक टक्का धरली तर ३०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४. विम्याचे समजा ४५० गेले. हातात आले २९,१९६, आणि फेडायचे तेच ३३,६००. आता दर जवळपास २७ टक्के झाला. तोंडी ऐकलेला आकडा बारा होता. यात कोणी खोटं बोललेलंच असेल असं नाही, आकडा वेगळ्या मापानं सांगितला एवढंच. ज्या बाईला हे एकदा कागदावर करून दाखवलं, ती पुढच्या वेळी 'हातात किती येणार आणि एकूण किती भरायचे' हे दोनच आकडे विचारते. हे दोन आकडे, आणि कर्ज किती महिन्यांचं, एवढ्यावर तुलना करता येते. टक्केवारी पाठ नसली तरी चालतं.

रिझर्व्ह बँकेचा नियमही आता हेच सांगतो. १ एप्रिल २०२२ पासून मायक्रोफायनान्ससाठी नवे नियम लागू झाले. वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला काहीही तारण न ठेवता दिलेलं कर्ज, ते मायक्रोफायनान्स. मग देणारी बँक असो, स्मॉल फायनान्स बँक असो की कंपनी. कर्ज देणाऱ्यानं एक फॅक्टशीट द्यायची, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा दर लिहायचा, आणि त्या कागदावर नसलेला कुठलाही खर्च कर्जदाराकडून घ्यायचा नाही. लोन कार्ड, म्हणजे कर्जाची आणि किस्तींची नोंद असलेलं कार्ड, कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. किस्त चुकली तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. त्याच वेळी व्याजदरावर असलेली जुनी मर्यादा मात्र काढून टाकली. दर कंपनीनंच ठरवायचा, फक्त तो उघडपणे सांगायचा. म्हणजे चार ठिकाणी विचारून तुलना करण्याचं काम कर्जदार बाईवर आलं, आणि तुलना कशी करायची हे शिकवायला तिच्यापर्यंत फारसं कोणी गेलं नाही. मला ही गोष्ट फार खटकते.

एका पोह्याच्या गाडीचा हिशोब

हे कर्ज कुटुंबाला झेपेल का, हा पुढचा प्रश्न. नियम असा की कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम कर्जफेडीत जाऊ नये. यात घरातली सगळी कर्जं धरायची: गटाचं, बँकेचं, नवऱ्याच्या गाडीचं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं.

निम्मं ही शेवटची हद्द आहे. तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. एक उदाहरण मांडून पाहू.

समजा एका ताईची तर्री-पोह्याची गाडी आहे. चांगल्या दिवसांत रोज १,५०० चा धंदा. पोहे, चना, तेल, कांदे, मसाला, गॅस, प्लेटा यांत ९०० जातात. उरतात ६००. महिन्याचे २६ दिवस धरले तर १५,६००. नवरा पेंटिंगच्या कामाला जातो, त्याचे ९,००० येतात. एकूण २४,६००. निम्मे म्हणजे १२,३००. कागदावर हिला १२,३०० पर्यंतची किस्त बसते.

आता मे महिना घ्या. नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की सकाळी नऊनंतर तर्रीकडे कोण वळतं? किंवा जुलैची झड घ्या, गाडी लावायलाच मिळत नाही. रोजचे ६०० घसरून ३५० वर येतात, महिन्याचे ९,१००. पावसात पेंटिंगचं कामही कमी होतं, नवऱ्याचे ६,००० धरा. एकूण १५,१००. त्यातून घरभाडं ४,०००, किराणा आणि भाजी ६,०००, शाळा-ट्युशन १,५००, वीज आणि गॅस १,२००. खर्च १२,७००. उरले २,४००. त्यात जावयाचा पाहुणचार नाही, दवाखाना नाही, तान्ह्या पोळ्याला लेकराचा लाकडी बैलही नाही.

आणि मघाशी पाहिलेली तीस हजारांची किस्त आहे २,८००.

नियमाच्या निम्म्या वाट्यात २,८०० अगदी आरामात बसतात. या घरात ते झडीच्या महिन्यात बसत नाहीत. मग काय होतं ते वस्तीत सगळ्यांना माहीत आहे: एका कंपनीची किस्त भरायला दुसरीचं कर्ज, दुसरीची भरायला डेलीवाला. म्हणून किस्त ठरवायची ती वर्षातल्या सगळ्यात पडत्या महिन्यावरून. याच अटींवर तीसऐवजी वीस हजार घेतले तर किस्त येते साधारण १,८६७, आणि ती त्या २,४०० मध्ये मावते. लाडकी बहीणचे दीड हजार किस्तीच्या भरवशाला धरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तो पैसा कधी मागेपुढे होतो, कंपनीचा वार मात्र पुढे जात नाही. त्यापेक्षा ते पैसे वेगळे ठेवून दोन किस्तींची शिल्लक आधी तयार करावी.

दुसरी गोष्ट गल्ल्याची. याबद्दल जगात खरंच प्रयोग झालेले आहेत. डोमिनिकन प्रजासत्ताक या कॅरिबियन बेटावरच्या देशात, सूक्ष्मकर्ज घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकांच्या वेगवेगळ्या तुकड्या करून त्यांना दोन पद्धतींनी शिकवलं. एका तुकडीला रीतसर हिशोबशास्त्र: जमा-खर्च, ताळेबंद वगैरे. दुसरीला फक्त काही साधे ठोकताळे. त्यातला मुख्य असा की धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवायचे, आणि एकातून दुसऱ्यात घेतले तर चिठ्ठी टाकायची. २०१४ साली या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रीतसर हिशोब शिकलेल्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ठोकताळे शिकलेल्यांची नोंदी ठेवण्याची सवय सुधारली, घर-धंदा वेगळे राहिले, आणि मंदीच्या आठवड्यातली विक्रीही सावरली.

पोह्याच्या गाडीवर हे कसं दिसेल? दोन डबे. बिस्किटाचा जुना डबा धंद्याचा, कडीवाला स्टीलचा डबा घरचा. सकाळी पोहे विकून आलेले सगळे पैसे बिस्किटाच्या डब्यात. त्यातून आधी उद्याच्या मालाचे ९०० वेगळे. मग किस्तीचा रोजचा वाटा वेगळा. १,८६७ ला २६ नं भागलं तर रोजचे ७२ रुपये. उरलेले घरच्या डब्यात. पोरगा ट्युशनची फी मागायला आला आणि घरचा डबा रिकामा असला, तर बिस्किटाच्या डब्यातून घ्यायचे, पण कागदाच्या चिटोऱ्यावर '२०० ट्युशन' लिहून आत टाकायचं. लिहिता येत नसेल तर दोनशेला दोन मणी. आता ऑनलाइन पैसे येतात तिथे डबा दिसत नाही, म्हणून शक्य असेल तर धंद्याचा स्कॅनर एका खात्यावर आणि घरचा फोन दुसऱ्या खात्यावर ठेवावा. ज्या धंद्याला आपण 'बरा चालून राहिला' म्हणतो, तो किती चालून राहिला हे महिनाअखेरीला चिटोरे मोजले की कळतं.

वर्ग भरवून काय होतं

आर्थिक साक्षरतेचे वर्ग भरपूर होतात. हॉलमध्ये सतरंजी, समोर पडदा, चहा-बिस्किट, दोन तासांत बचत, विमा, पेन्शन, म्युच्युअल फंड सगळं. असे वर्ग घेणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण २०१४ साली दोनशेच्या आसपास अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा अशा शिक्षणाचा लोकांच्या प्रत्यक्ष पैशाच्या वागण्यावरचा परिणाम अगदी नगण्य निघाला. वर्गातलं शिकलेलं काळाबरोबर विसरलंही जात होतं. निर्णयाच्या वेळीच दिलेली माहिती जास्त कामाची ठरेल, असं त्यातून पुढे आलं. म्हणजे कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधीचा अर्धा तास हा खरा वर्ग. तेव्हा तीस हजार डोळ्यांसमोर असतात, किस्तीचा आकडा ताजा असतो, प्रश्न स्वतःचे असतात.

आणखी एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, तो आपल्या शेजारच्या गुजरातमधला. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या ग्राहक बायकांना दोन दिवसांचं व्यवसाय-मार्गदर्शन दिलं. काही जणींना एकटीला बोलावलं, काही जणींना सांगितलं की मैत्रिणीला सोबत घेऊन या. मैत्रिणीसोबत आलेल्या बायकांनी नंतर धंद्यासाठी जास्त कर्ज घेतलं आणि त्यांच्या घरचं उत्पन्नही वाढलेलं दिसलं. शिकवलेलं तेच होतं. फरक एवढाच की घरी गेल्यावर बोलायला कोणीतरी होतं. आपल्याकडे तर गट तयारच आहेत. नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायचा कार्यक्रम १९९२ साली सुरू केला, माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, त्याच्याही आधीपासून, १९७५ पासून बायकांमध्ये काम करते. बैठकीत किस्ती गोळा झाल्या की दहा मिनिटं एकीचं लोन कार्ड मध्ये ठेवून सगळ्यांनी मिळून वाचायचं, एवढं केलं तरी पुष्कळ काम होईल.

शिक्षणाच्या नावाखाली सगळा भार बाईवर टाकणंही बरोबर नाही. कर्जाची घडण चुकीची असेल तर हुशार बाईसुद्धा अडकते. कोलकात्यात काही कर्जदारांना पहिली किस्त दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरायची मुभा दिली. तीन वर्षांनी त्यांच्या धंद्याचा नफा इतरांपेक्षा जास्त होता, कारण माल किंवा मशीन घ्यायला त्यांना उसंत मिळाली. थकबाकीही त्यांच्यात वाढली, हेही खरं. पण गाडी बनून यायच्या आधीच किस्त सुरू होत असेल, तर ती किस्त धंद्यातून जातच नाही, मूळ कर्जातूनच जाते. हे कंपनीला कळायला हवं.

गट, नाव आणि नोंद

गटाच्या कर्जाची कल्पना बांगलादेशातून जगभर गेली. मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलरएवढी रक्कम दिली, त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली त्यांना आणि बँकेला शांततेचं नोबेल मिळालं. तारण म्हणून गहाण ठेवायला काही नाही, तर गटातल्या बायकाच एकमेकींच्या जामीन. या पद्धतीत ताकद आहे आणि टोचणारी बाजूही आहे. पाच जणींच्या गटात एकीची किस्त चुकली की बाकीच्यांना बैठकीतून उठू दिलं जात नाही, मग चौघींनी वर्गणी काढून भरायची, आणि ती पाचवी उद्यापासून तोंड चुकवते.

यातला सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे दुसरीसाठी आपल्या नावावर कर्ज काढणं. 'तुह्या नावावर उचल न ताई, किस्त मी भरत जाईन, काऊन घाबरून राहिली?' नणंद असते, शेजारीण असते, गटाची प्रमुखच असते. नाही म्हणणं जड जातं. पण कागदावर अंगठा तुमचा, आधार तुमचं, थकली तर नोंद तुमच्या नावावर. दिलेल्या प्रत्येक कर्जाची माहिती क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडे जाते. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी बँकेत गेलात तर तीच नोंद समोर उघडते. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. घरातल्या शिकलेल्या पोरीला सांगून तो काढून घ्यावा आणि आपण न घेतलेलं कर्ज त्यात दिसतं का, ते बघावं.

नोंदीचा हा मुद्दा विदर्भाला महागात पडलेला आहे. २०१६ च्या नोटबंदीनंतर हातात रोकड नव्हती, किस्ती थांबल्या, आणि त्यातच 'मायक्रोफायनान्सची कर्जं माफ होणार' अशी हवा नागपूर, अमरावतीकडे पसरली. अनेक बायकांनी भरणं थांबवलं. माफी आली नाही. थकबाकीच्या नोंदी मात्र राहिल्या आणि नंतर गरज पडली तेव्हा दारं बंद मिळाली. माफीची बातमी कानावर आली तर शासनाचा किंवा कंपनीचा लेखी कागद पाहिल्याशिवाय किस्त थांबवू नये. खरंच भरता येत नसेल तर किस्त चुकायच्या आधी शाखेत जाऊन बोलावं, मुदत वाढवून मागावी.

विम्याबद्दलही विचारायलाच हवं. कर्जासोबतच्या विम्यात कोणाचा जीव धरला आहे, फक्त कर्जदाराचा की नवऱ्याचाही, हे कागदावर असतं. माहीत नसलं तर घरात मृत्यू झाल्यावरही माणसं निमूटपणे किस्ती भरत राहतात. हे ऐकून मन विषण्ण होतं. विमा किंवा कर्जासोबत गळ्यात मारला जाणारा सोलर दिवा, मिक्सर, मोबाइल, यातलं काहीही तुमच्या संमतीशिवाय कर्जाला जोडता येत नाही.

आणि वसुली. किस्त ठरलेल्या जागी भरायची असते. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा कर्जदार तिथे आलीच नाही, तरच वसुलीचा माणूस घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायला मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा कामावरच्या लोकांना त्रास देणं, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, हे सगळं नियमबाह्य आहे. रात्री आठ वाजता दारात बसून राहणाऱ्याला 'साहेब, हा नियम नाही' असं म्हणता येतं, आणि गटातल्या दोघी-तिघी सोबत उभ्या असल्या तर ते म्हणणं सोपं जातं.

त्यानंही भागलं नाही तर तक्रार. आधी कंपनीकडे लेखी द्यायची. तक्रार करायचा नंबर लोन कार्डावर असतो. तारीख आणि पोच जपून ठेवायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. आपल्या आरबीआय चौकातली, म्हणजे आताच्या संविधान चौकातली, ती दगडी भारदस्त इमारत पाहून अनेकींना वाटतं की हे आपल्यासाठी नाही. तिथे जायची गरजही पडत नाही. १४४४८ या नंबरवर फोन करून तक्रार कशी करायची ते मराठीतून विचारता येतं, आणि तक्रारीला एक पैसाही लागत नाही. फोन लावताना लोन कार्ड, फॅक्टशीट आणि कंपनीला दिलेल्या तक्रारीची पोच जवळ ठेवावी, कारण पहिले प्रश्न त्यावरूनच येतात.